छबुबाईंनी उचललेलं फावडं

नांदूरघाटच्या छबुबाईंचे पुढचे दात नवऱ्याच्या मारानं गेले होते. उभ्या संसारात त्यांनी उलटा हात म्हणून कधी उचलला नाही. नवरा वारला, लेक प्रविण ट्रॅक्टरवर जाऊ लागला, घरात सत्यशीला सून म्हणून आली. सासू-सुनेनं घरामागं न्हाणीच्या सांडपाण्यावर सूर्यफुलं लावली. ती पुरुषभर वाढली. दाणे भरले तसे पोपट तुटून पडू लागले. त्यांना हाकलायला सत्यशीला दुपारभर तिथंच बसायची.

एका दुपारी ती बहिणीशी फोनवर बोलत हसत होती. प्रविण पिऊन आला. फुलांआडून हसू ऐकून त्याचं डोकंच फिरलं.

“कोण हाय आत? भाइर काढ त्याला!”

“ताई हाय फोनवर. बोला की तुमीच.”

त्यानं फोन हिसकावून भिंतीवर आपटला. कोयता घेऊन फुलांत घुसला आणि सपासप दांडे तोडत सुटला. पार मागचं कुंपण दिसलं, तरी कुणी सापडलं नाही. मग तर तो जास्तच चवताळला. सत्यशीलाला केस धरून त्यानं चिखलात पाडलं. कोयता तिच्या खांद्यात रुतला.

तिची किंकाळी ऐकून छबुबाई चुलीपुढून पिठाच्या हातानंच धावल्या. कोयता पुन्हा वर गेला होता. त्यांनी दारातलं फावडं उचललं आणि लेकाच्या मनगटावर हाणलं. हाड कडकन मोडलं. तो डाव्या हातानं कोयता उचलायला वाकला, तेव्हा दुसरा तडाखा गुडघ्यावर बसला.

“आये, मी तुझा लेक हाय गं!” तो ओरडला.

“म्हनून तर मनगटावर हानलं. न्हाईतर डोस्कं फोडलं असतं.”

सुनेला दवाखान्यात टाके पडत होते, तेव्हा छबुबाई ठाण्यात सांगत होत्या, “फावडं मी हानलं. कोयता त्यानं. दोनी लिवा.”

दीर आप्पा समजवायला आले. “वैनी, जबाब बदला. लेक तुरुंगात जाईल.”

“जाऊ द्या. सून मसणात जाण्यापरीस बरं.”

भावकीनं बोलणं टाकलं. जामिनावर सुटलेला प्रविण घरी न येता कडा गावी राहायला गेला. त्याचं मनगट वाकडंच जुळलं. सत्यशीला सासूपाशीच राहिली.

प्रविण अधूनमधून फोन करतो आणि आईला नको नको त्या शिव्या देतो. छबुबाई उंबऱ्यावर बसून सगळं ऐकून घेतात. तो दम घ्यायला थांबला की विचारतात, “जेवला का?”

पलीकडून फोन बंद होतो.