स्कॅनरचे नियम टेंबे सरांनी नाही, मी ढिले केले होते

चूक माझी होती.

टेंबे सर आज सकाळी गेले. आता हे लिहायला मला अडवणारं कोणी उरलं नाही.

नव्वदचं दशक संपत आलेलं. बनारसच्या एका संस्थेत सर कंप्यूटर सेंटरचे प्रमुख, मी नवीन लागलेली. दोघंही दुर्गाघाटच्या मराठी वस्तीतले. घरात मराठी, बाहेर हिंदी, मशीनरूममध्ये खिचडी.

संस्थेचे सगळे मेल एकाच सर्व्हरवर यायचे. व्हायरसची भीती नवी होती, म्हणून स्कॅनर बसवला. प्रत्येक मेल उघडून तपासणारा प्रोग्राम.

सर त्या स्कॅनरलाच घाबरायचे.

"अगं, जो सगळ्यांची पत्रं उघडतो, त्याला आधी बांधून ठेवायला नको?"

महिनाभर बसून त्यांनी नियम लिहिले. स्कॅनरने नव्या मेलची एक डिरेक्टरी वाचायची. संशयित मेल दुसरीत टाकायचा. बस्स. मेलबॉक्स ज्याचा त्यालाच, आम्हालाही नाही. नियम सिस्टिमच्या पोटातच होते, ॲडमिनलाही मोडता यायचे नाहीत. ढिले करायचे तर मशीन बंद करून कन्सोलवरून पुन्हा चालू करावी लागायची.

केमिस्ट्रीतली शशिकला एकदा काउंटरवर आली.

"मैडम, हमारा मेल कोई पढ़ता तो नहीं?"

मी ऐटीत म्हटलं, "हम भी नहीं पढ़ सकते।"

मग तिने सांगितलं. नवरा मारायचा. तो आमच्याच संस्थेत, परीक्षा विभागात. पोस्टाने आलेलं पत्र त्याच्याच हातात पडायचं. जबलपूरला भाऊ होता. मुलीला घेऊन निघून जायचं ठरत होतं, सगळं मेलवर.

त्यानंतर स्कॅनरचं नवं व्हर्जन आलं आणि नियमांनी त्याला जागच्या जागी अडवलं. मेल तुंबले. डायरेक्टरचे फोनवर फोन. सर त्या दिवशी वडिलांच्या श्राद्धासाठी घरी होते.

मी मशीन रीस्टार्ट केली. नियमांना सांगितलं, फक्त नोंद करा, अडवू नका.

मेल धडाधड सुटले. उद्या पूर्ववत करू म्हटलं.

चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला नोंदींचा लॉग उघडून पाहिला. स्कॅनर लोकांचे मेलबॉक्स वाचत होता. एकामागून एक. आणि त्यांच्या कॉपी सगळ्यांसाठी उघड्या असलेल्या डिरेक्टरीत टाकत होता. कुठल्याशा अटॅचमेंटने स्कॅनरलाच ताब्यात घेतलं होतं.

"सर... नियम मी ढिले केलेत. चार दिवस झाले."

ते ओरडले नाहीत. उठून नेटवर्कची केबल उपटली, कॉपी पुसून टाकल्या.

"कॉपी किती वेळ उघड्या होत्या?"

"पावणेदोन तास."

यादीत शशिकलाचा मेलबॉक्स होता.

त्या वेळात कोण कोण लॉगिन होतं ते काढलं. तिच्या नवऱ्याचं नाव होतं. वीस मिनिटांपूर्वी लॉगआउट. त्याने काही उघडलं की नाही, कळायला मार्ग नव्हता.

केमिस्ट्रीत विचारलं, शशिकला आज आली नव्हती. मुलीला ताप होता. घरी फोन केला तर सासू उचलणार.

सरांनी स्कूटरची किल्ली घेतली. "चल."

तिचं घर गंगेपलीकडे, रामनगरला. वाटेत पीपे का पुल, पिंपांवर तरंगणारा. खाली फळ्या खडखडत होत्या. मागून स्कूटर आली की मी वळून बघायची. जानेवारी होता, तरी सरांचा शर्ट पाठीला चिकटलेला.

सासूने दार उघडलं. सर हसून म्हणाले, "माताजी, लैब की चाबी बहूजी के पास रह गई है।"

ते तिच्याशी बोलत राहिले. मी आत गेले. शशिकला मुलीच्या कपाळावर पट्टी ठेवत होती. मी दोन वाक्यांत सांगितलं. तिने कसं, कोणी, काही विचारलं नाही.

"वो आते होंगे," एवढंच म्हणाली.

मुलीला शालीत गुंडाळलं. सासूला म्हणाली, "बुखार उतर नहीं रहा, डॉक्टर को दिखा लाते हैं।" बॅग घेतली नाही. काहीच घेतलं नाही.

आम्ही तिघी रिक्षात, सर स्कूटरवर पुढे. पुलाच्या तोंडाशी समोरून एक निळी स्कूटर भरधाव आली. शशिकलाने पदर पुढे ओढला, माझं मनगट धरलं. तिची नखं रुतली.

स्कूटर निघून गेली.

"वही थे।"

ऑफिसच्या वेळेत, घराकडे. म्हणजे त्याने वाचलं होतं.

दुर्गाघाटला सरांच्या घरी काकूंनी, त्यांच्या बायकोने, मुलीला औषध दिलं, शशिकलाला बळेच दोन घास खायला लावले. संध्याकाळच्या गाडीत काकूंनीच बसवून दिलं. तिसऱ्या दिवशी जबलपूरहून फोन आला, तेव्हा मी पहिल्यांदा झोपले.

मधल्या दिवशी तो सेंटरला आला होता. हातात वरून आणलेली चिठ्ठी. बायकोचा मेलबॉक्स दाखवा.

नियम मी परत लावले होते. सर म्हणाले, "यह हमसे भी नहीं खुलेगा।"

त्याने टेबलावर हात आपटला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आप कल रामनगर आई थीं ना?"

मी मागे सरकले. सर खुर्चीतून उठून आमच्या मध्ये येऊन उभे राहिले. तो जाईपर्यंत हलले नाहीत.

चौकशी झाली. नियम कोणी ढिले केले, तिथे कागदावर सरांनी स्वतःचं नाव लिहिलं. मी रडले, भांडले.

"नियम मी लिहिले. ते अडले तर काय करायचं हे तुला शिकवलं नाही. आणि श्राद्ध असलं तरी घर दहा मिनिटांवर होतं. तुला यावंसं वाटलं नाही, एवढा मी कडक असेन तर चूक माझीच."

त्यांना मशीनरूममधून काढलं. रिटायर होईपर्यंत पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवत राहिले. कुणाला बोलू नकोस, अशी मला ताकीद होती. मी घाबरट. पाळली.

दुपारी सगळे सरांना घेऊन मणिकर्णिका घाटावर गेले. घरात मी आणि काकू. मी सगळं सांगून टाकलं.

काकू म्हणाल्या, "मला तेव्हाच माहीत होतं गं. ते म्हणाले होते, पोर फार घाबरलीय, तिच्यासमोर विषय काढू नकोस."

सर, माझा शेवटचा नमस्कार.