पाठमोरी घड्याळं

सकाळी धुकं इतकं दाट होतं की समोरचा रस्ता दुधात बुडाल्यासारखा वाटत होता. घड्याळजींनी दोन घड्याळांना किल्ली दिली आणि मग भिंतीवरची सगळी घड्याळं एकेक करून पाठमोरी केली. काचेवरून लेझरचा किरण उलटला तर डोळा जायचा, आणि त्यांचं घर चालायचं ते डोळ्यांवरच.

वर्षभर खपून त्यांनी मुठीत मावेल असा जबर ताकदीचा लेझर बनवला होता. त्याची ताठ निळी रेघ रोज स्वप्नात यायची.

"अहो, चष्मा लावलात का?" बंद दाराबाहेरून बायकोनं विचारलं.

"लावला गं!"

"नाहीतर उद्यापासून घड्याळं हुंगून दुरुस्त कराल."

काळ्या रंगवलेल्या विटेपुढच्या फळकुटावर नेम धरून त्यांनी कळ दाबली. नारिंगी चष्म्यातून सारं दुकान मधात भिजलं होतं. फळकुटातून धूर निघाला, पण रेघ कुठेच नव्हती. नेमका तोच निळा रंग चष्मा गिळत होता.

चष्मा क्षणभर वर केला की झालं! हात कानापर्यंत गेला. पाठमोरी घड्याळं टिकटिकत होती. हात हळूच खाली आला आणि कळ सुटली.

"दिसली का तुमची निळी राणी?"

"नाही दिसली. म्हणजे चष्मा अस्सल आहे बघ."

बॅटरी काढून त्यांनी घड्याळं सरळ केली, डोळ्याला भिंग लावलं आणि मोहरीहून बारीक स्क्रू चिमट्यानं अलगद उचलला.