अनुराधपुरात राहिलेली काठी

सासूबाईंची काठी अनुराधपुरात राहिली, ती माझ्या धाकट्या जावेच्या हातामुळे.

भाईंदरमधल्या नवघरच्या आमच्या बौद्ध विहारातून श्रीलंकेला जाणाऱ्या गटात आम्ही तिघी होतो. नवऱ्यांना रजा मिळाल्या नाहीत, म्हणून सासूबाई आणि आम्ही दोघी सुना. बोधिवृक्षाच्या आवारात जाण्याआधी चपला एका बाईंच्या टपरीवर ठेवायच्या होत्या. मी सगळ्यांच्या चपला गोळा करून टोकन घेत होते. उन्हाने फरशी तापलेली, सासूबाईंचा पाय टेकेना. तेवढ्यात मागून धाकटीचा आवाज आला, "आई, काठी राहू द्या इथे. माझा हात धरा."

मी वळून बघेपर्यंत दोघी पुढे निघाल्या होत्या, पांढऱ्या साड्यांत, एकमेकींना बिलगून. काठी टपरीला टेकून उभी होती. परत येतानाही त्या तशाच हात धरून आल्या आणि बसमध्ये चढल्या. मी चपला मोजून घेतल्या. काठी मला दिसलीच नाही. संध्याकाळी कँडीला बसमधून उतरताना सासूबाईंनी सवयीने काठीसाठी हात पुढे केला आणि त्यांच्या लक्षात आलं.

ती काठी सासऱ्यांनी केलेली. कारखान्यात ते सुतारकाम करायचे. पाय मोडल्यावर स्वतःसाठी म्हणून त्यांनी ती घडवली, मुठीला अंगठ्यापुरती खोबण ठेवली. ते गेल्यावर सासूबाईंनी ती खालून कापून आपल्या उंचीची करून घेतली आणि वापरायला लागल्या.

धाकटी हॉटेलात खूप रडली. "माझ्यामुळे झालं, आई." सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "लाकूडच ते गो. रडू नको." मी शेजारच्या पलंगावर बसून त्यांच्या बीपीच्या गोळ्या काढत होते.

भाईंदरला परतल्यावर नवी काठी आणायचं मी दोनदा काढलं. सासूबाई म्हणाल्या, "कशाला? ही आहे की." ही म्हणजे धाकटी. सकाळी विहारात, संध्याकाळी भाजीला, दोघी हातात हात घालून निघायच्या. ऑफिसातून येताना स्टेशनच्या रिक्षातून मला त्या दिसायच्या. रस्त्याच्या कडेने सावकाश चाललेल्या, एखाद्या भाजीच्या गाडीशी थांबून हिंदीत घासाघीस करणाऱ्या, काहीतरी बोलून हसणाऱ्या. मी रिक्षा थांबवायचे नाही. घरी येऊन कुकर लावायचे आणि त्या वर आल्या की विचारायचे, "आज उशीर झाला?" उशीर झालेला नसायचा.

धाकटी या घरात यायच्या खूप आधीपासून मी या घरात होते. सासऱ्यांच्या आजारपणात इस्पितळातल्या बाकावर मी झोपले होते. आणि माझ्याशी सासूबाई बोलायच्या त्या पेन्शनबद्दल, गॅसबद्दल, डोळे तपासायच्या तारखेबद्दल. त्या दोघी रस्त्यात कशाला हसतात, हे मला कधी कळलं नाही.

काठी परत आली की धाकटीचा हात सुटेल, असं माझ्या मनाने घेतलं.

आमच्या गाइडचा नंबर माझ्याकडे होता. यात्रेकरूंबरोबर राहून तो थोडं हिंदी शिकला होता. त्याला मी फोटो पाठवला. त्या दिवशी माझ्याच मोबाइलवर काढलेला, दोघी पुढे चाललेल्या आणि कडेला टपरीला टेकलेली काठी. पुढचा गट घेऊन तो तिकडे गेला, तेव्हा त्याचा फोन आला. "मिल गया, मॅडम. वो बाई मंकी भगाने को रखा था."

टपरीवाल्या बाईंनी काठी जपून ठेवली होती, पण रोज माकडं हाकलायला तिचा उपयोग करत होत्या. मालक सापडला म्हटल्यावर त्यांनी ती धुऊन, पुसून दिली. आता ती आणायची कशी? कुरिअरवाला लांबी ऐकूनच नाही म्हणाला. मी ओळखीपाळखीत विचारत सुटले. वसईच्या एका विहाराचा गट निघणार असल्याचं कळलं. त्यातल्या एका गृहस्थांना फोन केला. "जय भीम. तुम्ही मला ओळखत नाही," अशी सुरुवात करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "माझे वडील बरोबर आहेत. त्यांच्या हातात देतो. म्हाताऱ्या माणसाची काठी विमानात कोण अडवणार?"

रविवारी मी वसईला जाऊन ती घेऊन आले. टोकाला माकडांच्या नादात चार ओरखडे आले होते, मूठ मात्र तशीच होती. घरी सगळे जेवायला बसलेले. सासूबाईंनी ताट बाजूला सारलं आणि अंगठा त्या खोबणीत ठेवून बघितला. मग धाकटीकडे वळून म्हणाल्या, "बघ, आली परत. उगाच रडलीस."

धाकटी माझ्या गळ्यात पडली. "ताई, तुमच्यामुळे मी सुटले." ती मनापासून बोलत होती. मी तिच्या पाठीवर थोपटलं आणि भात वाढायला घेतला.

दुसऱ्या दिवशी काठी दाराआड उभी राहिली आणि त्या दोघी हात धरून विहारात गेल्या.

पुढे धाकटीच्या वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं, म्हणून ती माहेरी गेली. सासूबाईंच्या गुडघ्यासाठी डॉक्टरांकडे जायचं होतं. मी अर्धी रजा टाकली. निघताना मी हात पुढे केला, तर त्यांनी दाराआडची काठी घेतली. रस्त्यावर मी त्यांचं कोपर धरलं.

"राहू दे गो. काठी आहे ना."

मी सोडलं नाही. "धाकटीचा हात चालतो, आई. माझा का नाही चालत?"

हे मी पहिल्यांदाच तोंडाने बोलले. मागून रिक्षावाला हॉर्न देत होता. सासूबाई कडेला झाल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. रागावल्या नव्हत्या.

"तू हात धरलास की मला ओढत नेतेस," त्या म्हणाल्या. "तुला कायम पोचायचं असतं. मी मागे फरफटते. तुला कधी बोलले नाही, तुझा जीव आधीच दहा ठिकाणी."

खरं होतं, आताही मी अर्धं पाऊल पुढेच उभी होते. पण खरं असलं म्हणून ते कमी लागलं असं नाही. ओढत का नेत होते मी? इस्पितळात, बँकेत, नंबर लावायला कोणीतरी आधी पोचायला नको का? धाकटीला कुठे पोचायचं नसतं, ते माझ्यामुळे. हे सगळं ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. पुढचा रस्ता मी त्यांच्या चालीने चालायचा प्रयत्न केला. फार अवघड गेलं.

डॉक्टरांनी गुडघा दाबून बघितला आणि काठी वापरता ना, असं विचारलं.

"वापरते तर," सासूबाई म्हणाल्या. "ही श्रीलंकेत राहिली होती. आमच्या थोरलीने कुठे कुठे फोन करून आणली बघा. दुसऱ्या कोणाला जमलं नसतं."

डॉक्टर मान हलवत गोळ्या लिहीत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. मी खुर्चीत बसून ऐकत होते. बरं वाटलं, खोटं का बोला. पण त्याच क्षणी मनात आलं, की हे ऐकायला आज धाकटी इथे हवी होती.