दोन पेनड्राइव्ह आणि एक नको असलेला फोल्डर

चहा गार झाला तरी चालेल, पण माझी ही फजिती ऐकाच. एरवी मी ती कुणाला सांगत नाही. सांगायचं काम आमच्या शेळकेबाईच करतात.

पाथर्डी तालुक्यातली आमची छोटी शाळा. मी आणि शेळकेबाई, दोनच शिक्षक. दिवाळी झाली की निम्म्या पोरांचे आईबाप ऊसतोडीला जातात आणि पोरं आजी-आजोबांपाशी राहतात. बाईंनी एक छान गोष्ट सुरू केली होती. अशा प्रत्येक पोराचा वाचतानाचा व्हिडिओ दर महिन्याला काढायचा आणि आईबाप परतले की शाळेत बोलावून दाखवायचा. कोमल नावाची पोरगी दिवाळीत 'क' ओळखत नव्हती, ती आता धडा वाचत होती. सगळे व्हिडिओ शाळेच्या कॉम्प्युटरवर होते.

आणि तो कॉम्प्युटर इतका मंद झाला, की सुरू करून अंगणात झाडांना पाणी घालून यावं, तरी हा आपला गोल गोल फिरतोच आहे.

मी म्हटलं, नवीन विंडोज टाकू. मोबाईलवर बघून शिकलो होतो ना! बाईंना व्हिडिओ जातील अशी धाकधूक होती. मी त्यांना बॅकअप म्हणजे काय यावर भाषणच दिलं. एक प्रत पुरत नाही, दोन हव्यात, आणि दुसरी दुसऱ्या जागी हवी. मग समोर स्क्रीनवर दिसत होते ते सगळे फोल्डर दोन पेनड्राइव्हवर घेतले. एक शाळेच्या कपाटात, एक माझ्या घरी.

दिवाळीपासूनचे सगळे व्हिडिओ पापणी लवायच्या आत उतरले. शंका यायला हवी होती की नाही? मला वाटलं, पेनड्राइव्ह चांगल्यातला मिळालाय.

नवीन विंडोज झकास चालू झालं. बाईसुद्धा खूश. आठवडाभरात साखर कारखाने बंद झाले, माणसं गावी परतली, आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळी बाईंनी पेनड्राइव्ह लावून कोमलचा फोल्डर उघडला. उघडेना. दुसरा उघडेना. एकही उघडेना. मी ऐटीत घरचा पेनड्राइव्ह आणला. त्याचीही तीच गत.

भिंगारला माझा मेहुणा कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्याला फोन लावला. त्यानं विचारलं, "दाजी, फोल्डरच्या त्या चित्रांच्या कोपऱ्यात छोटा बाण आहे का?"

होता. प्रत्येकावर होता. मी घेतले ते फोल्डर नव्हतेच, फोल्डरकडे जायच्या वाटा होत्या. म्हणजे घर पाडलं आणि घराच्या पत्त्याच्या पाट्या मात्र दोन ठिकाणी जपून ठेवल्या!

 बाई नुसत्या खिडकीबाहेर बघत बसल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. 'क' न येणारी कोमल पुन्हा कुठून आणायची?

मेहुण्यानं मग विचारलं, जुनं सगळं पुसलं होतं ना? म्हटलं, पुसलंच असणार. तो म्हणाला, "बघा बरं, 'विंडोज ओल्ड' नावाचा फोल्डर दिसतो का?"

दिसला. मी दोनदा तो कचरा समजून काढायला निघालो होतो, पण दोन्ही वेळा नेमकी वीज गेली. बाईंनी त्यात शोधलं. सगळे व्हिडिओ जिथल्या तिथे. विंडोज टाकताना जुनं पुसायची पायरी मला कळलीच नव्हती. मी न वाचता पुढे पुढे दाबत गेलो होतो, म्हणून जुनं सगळं आपोआप त्या फोल्डरात जाऊन बसलं होतं.

या वेळी बाईंनी स्वतः प्रती केल्या, आणि प्रत्येक व्हिडिओ उघडून बघितल्यावरच पेनड्राइव्ह काढला.

दुसऱ्या दिवशी वर्ग गच्च भरला. कोमल पडद्यावर 'क'पाशीच अडखळली, मग पुढच्या व्हिडिओत धडा घडाघडा वाचायला लागली. तिच्या आईनं पदर तोंडाला लावला. म्हणाली, "माझी पोर वाचती व्हय." आणि पुन्हा लावायला सांगितलं. आम्ही पुन्हा लावला.

कार्यक्रमानंतर कोमलचे वडील मोबाईल घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "सर, तुमाला कॉम्प्युटरमधलं लई कळतंय. ह्यो मोबाईल लई सावकाश चालतोय. पर आत पोरीचे फोटू हायेत, ते जायला नको."

मी काही बोलायच्या आत शेळकेबाई म्हणाल्या, "द्या बिनधास्त. सरांच्या हातून काही पुसलं जात नाही. त्यांनी पुसायचं ठरवलं तरी."