श्यामकांतरावांचा चार बटणांचा रिमोट

श्यामकांत टिकेकर हा माणूस चहाचा कप हातात घेऊनसुद्धा बसत नसे. एक घोट घ्यायचा, उठायचं, भिंतीवरच्या बोर्डाचा स्क्रू पिळायचा, मग दुसरा घोट. दिल्लीत केंद्राच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, पण जीव सगळा तारांमध्ये. मी विजया, त्यांच्या वरच्या मजल्यावर राहणारी. या गोष्टीत माझाही हात आहे, तोही अगदी शब्दशः, म्हणून मीच सांगते.

आमची दोन्ही कुटुंबं आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये बावीस वर्षं राहिली. तिथे सगळी घरं एका साच्याची. कोणाच्याही घरात शिरलात तरी दारातून डावीकडे हात नेला की पंख्याचं बटण सापडायचं. आपला नळ बिघडला तर शेजारच्याच्या डब्यातला वायसर फिट्ट बसायचा. श्यामकांतरावांना याचं फार कौतुक होतं. नव्याण्णव साली सोसायटीचे फ्लॅट तयार झाले आणि आम्ही दिल्लीतल्याच द्वारका वस्तीत आलो. तिथे ज्याने त्याने आपल्या मर्जीने घर सजवलं, बटणं वाटेल तिथे बसवली. श्यामकांतरावांना ते बघवत नसे.

त्याच सुमारास त्यांच्या बायकोची, सुनीतीवहिनींची, नजर काचबिंदूने जायला लागली. वर्षभरात उजेड आणि अंधार एवढाच फरक उरला. मुलगा नीरज पुण्याला नोकरीत. तो फोनवर म्हणे, "बाबा, तुम्ही दिवसभर ऑफिसात. आईला इकडे पाठवा." श्यामकांतरावांना निवृत्त व्हायला अजून दोन वर्षं होती. वहिनींना जायचं नव्हतं. शेवटी नवरा-बायकोत ठरलं, की एकटीने नऊ ते सहा घर सांभाळता आलं तर राहायचं, नाहीतर पुणं. ही परीक्षा वहिनींनी अगदी मनावर घेतली होती. रोज संध्याकाळी चार्टर्ड बसने नवरा यायच्या वेळी त्या दारात उभ्या राहायच्या, केस विंचरून.

मग सुरू झाले श्यामकांतरावांचे प्रयोग. दर शनिवारी लाल किल्ल्यासमोरचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार गाठायचा आणि पिशवीभर सामान आणायचं. पहिला रिमोट टीव्हीसारखा, नेम धरून दाबायचा. आता डोळ्यांना न दिसणाऱ्या बाईने नेम कसा धरावा? त्या देव्हाऱ्याकडे तोंड करून दाबत राहायच्या. मग टाळी वाजवली की लागणारा दिवा आला. गणपतीच्या आरतीला आम्ही टाळ्या वाजवायला लागलो आणि दिवाणखान्यात उजेड-अंधाराचा तमाशा सुरू झाला. ज्ञानोबा, म्हणजे माझे यजमान, हसून हसून बेजार झाले. श्यामकांतरावांनी त्याच रात्री ते उपटून काढलं.

शेवटी रेडिओवर चालणारा आला. नेम नको, टाळी नको. साबणाच्या वडीएवढा रिमोट, त्यावर चार बटणं: दिवा, पंखा, गीझर, बेडरूम. प्रत्येक बटणामागे भिंतीत एक छोटी डबी. एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. त्यांनी घरातली जुनी बटणं काढून तिथे गुळगुळीत पांढऱ्या पट्ट्या बसवल्या. इतके खूश, की दुसरा संच आमच्याकडेही लावून दिला. ज्ञानोबांनी भिंतीवरच्या बटणांना मात्र हात लावू दिला नाही. त्यामुळे आमचा रिमोट वापरायची ती एकटी मी, सकाळी-दुपारी, स्वेटरच्या खिशात ठेवून. ज्ञानोबा घरी आले की तो कपाटात, आणि रविवारीही कपाटातच.

दिवाळीनंतर खाली काहीतरी बिनसलं. श्यामकांतराव घरी येत तेव्हा गीझर सकाळपासून उकळत असे. भर डिसेंबरात पंखा गरगरत असे. "सुनीती, अगं बंद केला नाहीस?" वहिनी म्हणायच्या, केला होता. पुढे पुढे म्हणायच्या, केला असेल. मग गप्पच बसायला लागल्या. त्यांच्याकडे पाहून मला नुसतं अस्वस्थ व्हायचं. हात सारखे पदराशी, बोलता बोलता मध्येच उठायच्या, गीझरच्या तोटीला हात लावून यायच्या आणि परत तेच. एकदा म्हणाल्या, "विजया, डोळे गेले ते कळतं गं. डोकं जातंय ते कसं कळणार?"

श्यामकांतरावांनी डब्या उघडून पाहिल्या, तारा तपासल्या, सगळं ठीक. मग नीरजला फोन केला आणि जानेवारीचं पुण्याचं तिकीट काढलं. मला जिन्यात सांगितलं, "विसरते ती आता. अशीच एक दिवस गॅस उघडा ठेवेल." सांगताना ते एका जागी उभे राहत नव्हते. मला राग आला नाही, उलट मीही मान डोलावली. त्याची आज लाज वाटते.

तिकिटाच्या चार दिवस आधी सकाळी मी त्यांच्या बॅगा भरायला गेले. वहिनी साड्यांच्या घड्या हाताने चाचपून देत होत्या. थंडीने माझे हात खिशात. सवयीने अंगठा रिमोटवर फिरत होता, आणि तो दाबला गेला. डोक्यावरचा पंखा सुरू झाला.

"बघ," वहिनी म्हणाल्या, "पुन्हा झालं. माझ्या हातात काही आहे का? सांग, आहे का?"

त्यांचे दोन्ही हात साडीवर होते. त्यांचा रिमोट पलंगावर. मी पुन्हा दाबलं. पंखा थांबला. पुन्हा दाबलं. तो पुन्हा गरगरायला लागला.

"वहिनी, तुम्ही नाही हो. मी. वरून मीच करत होते हे सगळं."

त्या मटकन पलंगावर बसल्या आणि रडल्या. मग हसल्या, मग पुन्हा रडल्या. आमच्याकडचाही गीझर अधूनमधून आपोआप बंद व्हायचा, तेव्हा मी द्वारकेच्या विजेला शिव्या घालून पुन्हा बटण दाबत होते. स्वतःच्या डोक्यावर शंका घ्यायचं मला एकदाही सुचलं नव्हतं.

संध्याकाळी मी श्यामकांतरावांना दारातच गाठलं. रिमोट आणि डब्या जुळवायचा नंबर दोन्ही घरांत एकच कसा?

"मीच एक ठेवला," ते म्हणाले. "तुमचा रिमोट हरवला तर आमचा चालावा म्हणून. क्वार्टरमध्ये कसं सगळं सगळ्यांना चालायचं. रेंज तीस फूट लिहिली होती यार, आणि जिना उतरून यायचं म्हणजे चाळीसच्या वर होतं."

"आणि छत?"

त्यांनी वर पाहिलं. छत जेमतेम दहा फुटांवर होतं. त्यांनी लगेच खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. "आत्ता बदलतो. दोन मिनिटांचं काम आहे."

"ठेवा ते," सुनीतीवहिनी म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "सगळ्या तारा तपासल्यात तुम्ही, डब्या उघडल्यात. चूक तुमच्याकडून झाली असेल, असं एकदाही आलं नाही मनात?"

वहिनी टेबलाच्या कडेला हात लावत फोनपाशी गेल्या, रिसीव्हर उचलला आणि त्यांच्या दिशेने धरला.

"नीरजला लावा."

त्यांनी लावला. "हां, नीरज. अच्छा, ऐक. ते सेटिंगमध्ये जरा गडबड होती रे…"

"नीट सांगा," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी हातातला स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला. "आई काही विसरत नव्हती. चूक माझी होती."

वहिनींनी हात पुढे केला आणि रिसीव्हर घेतला. "नीरज, ऐकलंस ना? आता मी येणार ती सुट्टीला, आणि परतीचं तिकीट आधी काढून."