मेंढरांनंतर घराचा विमा

आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, निम्मं आयुष्य मेंढरांमागे पालात गेलं. पुण्याजवळच्या नांद्यात आमचं दुमजली घर झालं आणि वास्तुशांतीच्या दुसऱ्याच दिवशी ते म्हणाले, "घराचा इमा काढ."

"आपण कर्ज काढलेलं नाही आबा. कोणती बँक विचारतेय विमा?"

"कुनी इचारल्यावरच काढायचा व्हय? मी मेंढरांचा काढत हुतो. मेंढरू गेलं तर दुसरं येतं. ह्ये घर माझ्या हातनं परत हुनार न्हाई."

मी विमा काढला. सिमेंटच्या घराला काय होणार, म्हणून भावकीत थट्टा झाली. आबा ऐकून घ्यायचे आणि दरवर्षी मुदत संपायच्या आधी मला आठवण करायचे.

मग एका उन्हाळ्यात, भरदुपारी, वरच्या मजल्यावर फ्रिजमागची वायर जळाली. तिथं हिंजवडीत नोकरी करणारं जोडपं भाड्यानं राहत होतं. दोघंही कामावर होते. धूर दिसताच आबांनी मेन स्विच पाडला आणि शेजारच्या बांधकामावरचा पाण्याचा टँकर बोलावून आणला. आग विझली, पण वरची दारं, खिडक्या जळाल्या, छताचा गिलावा खाली आला.

संध्याकाळी त्या जोडप्यातली मुलगी जिन्यात बसून रडायला लागली. आबा तिच्या शेजारी बसले. "रडू नको पोरी. तुमी घरात नव्हता, ह्येच लई झालं. आता खाली आमच्यात ऱ्हावा."

विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. आबांनी त्याला प्रत्येक खोली फिरवून दाखवली. इमारतीचं नुकसान मंजूर झालं. भाडेकरूंचं सामान मात्र आमच्या विम्यात बसत नव्हतं, त्याचा वेगळा काढावा लागतो. ते आबांना लागलं. गाद्या आणि भांडी त्यांनी आपल्या घरातून त्या दोघांना दिली.

आमच्याकडे अडचण आली की लोक गुंठा विकतात. आम्ही विम्याच्या पैशांतून वरचा मजला पुन्हा उभा केला, तोही जमिनीला हात न लावता. रंग झाला त्या दिवशी आबा फेटा बांधून वर गेले आणि भिंतींवरून हात फिरवत बराच वेळ हिंडले. त्यांच्याकडे पाहताना माझा ऊर भरून आला.

ते जोडपं अजून आमच्याकडेच आहे. थट्टा करणाऱ्या भावकीतला एक चुलता परवा विम्याचं विचारायला आला, तेव्हा आबांनी त्याला आधी चहा पाजला.