कपाटातली मटकी

उल्हासनगरच्या शाळेत मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. शिकवलं म्हणजे फळ्यावर लिहून दिलं. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. प्रयोग करत बसायला वेळ कुणाला? निरीक्षण मी आदल्या दिवशीच घरून लिहून आणायचे. कडक इस्त्रीची साडी, हातात खडू, आणि थाट असा की गुरुत्वाकर्षण जणू माझ्याच परवानगीने चालतं.

त्यातलं एक वाक्य: ‘अंधारात ठेवलेले बी अंकुरत नाही.’

आता गंमत बघा. दर शनिवारी संध्याकाळी ह्याच बाई भिजलेली मटकी फडक्यात घट्ट बांधून, डब्यात कोंबून, वर झाकण लावून ओट्याखाली ठेवायच्या. रविवारी उसळ. इतकी वर्षं मटकीला मोड आले, बाईंना शंका म्हणून आली नाही.

निवृत्तीनंतर मी मुलाकडे शिरगावात आले. नात आता चौथीत आहे, इथल्याच शाळेत. तिला हाच प्रयोग आला. पोरीने खरोखर केला की हो! एक वाटी खिडकीत, एक माझ्या कपाटात, साड्यांच्या मागे. तीन दिवस पट्टीने मोड मोजले आणि पेन्सिलने लिहिलं: ‘कपाटातल्या मटकीला पण मोड आले. खिडकीतल्यापेक्षा लांब. आजीच्या साडीला वास आला.’

वही परत आली ती लाल फुली घेऊन. खाली बरोबर उत्तर. शब्दन् शब्द माझा.

मी तरातरा शाळेत गेले. टीचरने मला पाहिलं आणि उठून वाकूनच नमस्कार केला. “बाई! ओळखलंत का? मी तुमच्या सातवी ‘ब’मधली.”

माझं निम्मं अवसान तिथेच गळालं.

“अगं, ते वाक्य चूक आहे.”

“पण बाई, तुम्हीच तर...”

“मीच चुकले होते. घरी मटकीला मोड आणतेस ना? कुठे ठेवतेस?”

ती मग हसली. “झाकून.”

वाटलं, जिंकले. तेवढ्यात तिने आवाज खाली आणला. “बाई, सोमवारी पेपर आहे. सगळ्या तुकड्यांना हेच लिहून दिलंय आणि तपासणार दुसऱ्या टीचर. उगाच तिचे मार्क जातील. तेवढं घरी खोडून, खालचं उत्तर पाठ करून घ्या ना. पुढच्या वर्षी बदलू.”

पुढच्या वर्षी! हेही माझ्याकडूनच शिकली असणार.

घरी नात रबर घेऊन बसली.

“आजी, मी नीट बघितलं नव्हतं का?”

“नीटच बघितलंस.”

“मग खोडायचं कशाला?”

आतून सून म्हणाली, “आई, तिच्या डोक्यात नको ते भरवू नका हं. परवा पेपर आहे.”

पोर ‘लांब’वरून रबर फिरवायला लागली. पान चुरगळत होतं. फाटू नये म्हणून मी ते दोन्ही हातांनी ताणून धरलं.